साक्षगंधाच्या ताटातला भाडेकरार

भाऊंच्या मोठ्या मुलीच्या साक्षगंधाचा व्हिडिओ आमच्या जाम गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला आहे. त्यात एका ठिकाणी मी भाऊंच्या कानाशी वाकून काहीतरी बोलतो, ते मान हलवतात आणि ताटातल्या कागदावर सही करतात. मी काय बोललो ते ऐकू येत नाही, कारण व्हिडिओवाल्याने वरून गाणं टाकलं आहे. ते वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वकिलाला नाही आणि कोर्टात शपथेवर विचारलं तेव्हा तिथेही नाही. मी म्हणालो होतो, "भाऊ, इथं एक सही करून द्या, साक्षीदार म्हणून." कागद साक्षीचा नव्हता. जामिनाचा होता.

झालं, लिहून झालं. मला वाटायचं, हे वाक्य कागदावर आलं की निदान रडू तरी येईल. आलं नाही. उलट मला मघापासून हसू येतंय, आणि बायकोने दोनदा आतून विचारलं की एकटेच काय हसता. आता तिला काय सांगू? या सगळ्या प्रकरणात माझा वाटा तेवढा ओळभर आहे, आणि ती ओळ काढून ठेवली तर बाकीचं प्रकरण इतकं येडपट आहे की आठवलं की पोट धरायची पाळी येते. अडचण एवढीच की ती ओळ काढून ठेवता येत नाही.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. जामच्या चौकापासून थोडं पुढे, हायवेला लागून माझे दोन गाळे आहेत. एकात माझं कृषी केंद्र, बी-बियाणं आणि औषधं. दुसरा गाळा भाड्याने द्यायचा म्हणून बँकेचं कर्ज काढून बांधला होता. दुकानात शेतकरी बोलतात, मी ऐकतो आणि मापतो. घरी बायको बोलते. मला कुणाकडे काही मागायचं असलं की आठ दिवस मनात वाक्य तयार करतो आणि ऐनवेळी "बाकी काय म्हणता?" एवढंच विचारून परत येतो.

आणि भाऊ म्हणजे नेमके उलटे. ते माझ्या मागच्या गल्लीत राहतात, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सारी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढली. रिटायर झाले, पण आवाज अजून ड्युटीवरच आहे. लग्नाच्या पंगतीत, अंत्ययात्रेत, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही माणसं कोंडलेली दिसली की त्यांच्या तोंडून आपोआप निघतं, "पुढं सरका, पुढं सरका, मंधात जागा हाये!" मला ते शेठ म्हणतात. माझ्यात शेठसारखं काही नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच म्हणतात.

तर भाऊंच्या मोठ्या मुलीचं लग्न हिंगणीच्या एका मुलाशी ठरलं. मुलगा हुशार, बोलका आणि उद्योगी. त्याला हायवेवर गाड्यांच्या सीट-कव्हरचं दुकान टाकायचं होतं आणि माझा रिकामा गाळा त्याला पसंत पडला. मी भाडेकरार करायला वकिलाकडे गेलो. वकिलाने सांगितलं, पोरगं नवीन आहे, मागे जामीन घ्या. आणि कराराला एक जादा पान जोडून दिलं. त्यावर लिहिलं होतं की भाडेकरूने भाडं थकवलं तर हमीदार स्वतःच्या खिशातून भरेल. खाली भाऊंचं नाव टाइप केलेलं आणि सहीची जागा कोरी. भाऊंचं नाव पोरानेच सुचवलं होतं. "काका, आमच्या घरचे साले भेद्रट हायेत," तो म्हणाला. "मामाले इचारलं तं 'पाहू' म्हन्ते. सासरेबुवा करून देतीन. तुमी साक्षगंधाले याच, तिथंच होऊन जाईन."

साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. त्यात टिळा, साडी, अंगठी होतेच, पण खरी गोष्ट असते ती यादी. मांडव कोणाचा, जेवण कोणाचं, पोराला कपडे कोण करणार, हे सगळं एका कागदावर लिहितात, कागद हळद-कुंकवाच्या ताटात ठेवतात, आणि ताट दोन्हीकडच्या मोठ्या माणसांपुढून फिरतं. ज्याच्यापुढे ताट येईल त्याने सही करायची. वाचत कोणी नाही. वाचणं म्हणजे समोरच्या पाहुण्यावर शंका घेणं. सही करायची, सुपारी उचलायची, ताट पुढे.

मी शेला-टोपीच्या पिशवीत करार घालून गेलो. मनात वाक्य तयार होतं: भाऊ, पोराच्या दुकानाला तुमचा जामीन लागतो, विचार करा, घाई नाही. चांगलं वाक्य होतं. भाऊंना बाजूला घेऊन सांगायचं होतं. पण मुलीच्या बापाला साक्षगंधाच्या दिवशी बाजूला घेणं म्हणजे धावत्या बसचं चाक काढून घेण्यासारखं. शिवाय खरं सांगायचं तर, आणि आज खरंच सांगायचं आहे, मला भीती होती की ते विचार करतील आणि नाही म्हणतील. बँकेचा हप्ता सुरू झाला होता आणि गाळा रिकामा होता.

यादी लिहिणाऱ्याचं पेन बंद पडलं. ताट भाऊंपुढे रिकामंच येऊन थांबलं. डीजे वाजत होता. मी पिशवीतून तो जादा कागद काढला, ताटात ठेवला, माझं पेन भाऊंच्या हातात दिलं आणि वाकून ते वाक्य बोललो. तयार केलेलं नव्हे, दुसरंच. मला आजही कळत नाही ते माझ्या तोंडात कुठून आलं. आठ-आठ दिवस ज्याला साधी वाक्यं जमत नाहीत त्याला खोटं वाक्य एका दमात जमलं. भाऊंचा चष्मा रोजच्या शर्टात राहिला होता. नवा सदरा, कपाळाला ओला टिळा, डोळ्यांत पाणी. त्यांनी कुंकवाच्या बोटांनी कागद दाबून धरला आणि सही केली.

मी कागद उचलायला हात पुढे केला आणि ताट निघून गेलं होतं.

ताटात कागद आहे, कागदावर मुलीच्या बापाची सही आहे, म्हणजे यादी तयार आहे, आता ताट पुढे. मुलाच्या मामापुढे आलं. हाच तो 'पाहू' म्हणणारा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पेन उचलत विचारलं, "याच्यावरच कराची नं?"

इथे मी थांबवू शकलो असतो. तोंड उघडलं. आणि म्हणालो, "करा ना."

मामाने केली. मुलाच्या बापाने केली. मोठ्या काकाने केली. पोलीस पाटलाने पदासकट केली. एका आजोबांनी अंगठा उमटवला, शाई नव्हती म्हणून कुंकवाचा. ताट स्वयंपाकाच्या बाजूने गेलं तेव्हा आचाऱ्याने कढईवरून हात पुसून सही ठोकली. मी ताटामागे ताटाच्याच वेगाने चाललो होतो, चेहरा कोरा ठेवून, आणि येतंय ते हसू आहे की भीती, हे मला ठरवता येईना. शेवटी ताट देवापुढे ठेवलं तेव्हा मी कागद काढून घेतला. अकरा सह्या. माझ्या एका गाळ्याला अकरा जामीन. एवढे जामीन खुनाच्या आरोपीलाही कोणी देत नाही.

खऱ्या यादीसाठी नवं पेन आलं तोवर सगळे जेवायला बसले होते. तिच्यावर एकाचीही सही झाली नाही. लग्न तरीही व्यवस्थित लागलं.

दुकानही लागलं. दोन-तीन महिने बरं चाललं. मग रस्त्याचं काम निघालं आणि कंत्राटदाराने गाळ्यांसमोर उंच पत्रे ठोकले. माझं एक बरं, शेतकरी पत्र्याखालून वाकून येतो. पण कारवाला सीट-कव्हरसाठी पत्र्याखालून वाकत नाही. पोराने वाट पाहिली, मग बायकोला घेऊन पुण्याकडे कंपनीत लागला. जाताना पाया पडला, म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यापासून पाठवतो." करार तीन वर्षांचा होता. पैसे आले नाहीत, मग फोनही उचलेना. बँकेचा फोन मात्र मला रोज यायचा.

वकिलाने अकरा सह्यांचं पान पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलून इतका हसला की बाहेरचा कारकून आत डोकावला. "शेठ, हे काय वरातीचं हजेरीपत्रक हाये का?" मग डोळे पुसून गंभीर झाला. "पोराच्या मागं पुण्याले कोण जाते? दावा लावू, पोरगा पहिला प्रतिवादी, जामीनदार बाकीचे. सारे लावतो. पण एक सांगा, भाऊंची सही घेताना तुमी त्याहिले काय म्हणून सांगतलं? कारण खोटं सांगून जामीन घेतला असन, तं तो टिकत नाई. सारा दावा तिथंच पडते."

म्हणजे मला कायदा माहीत नव्हता असं मी कधीच म्हणू शकणार नाही. मला स्वच्छ मराठीत सांगितलेला होता.

"जामीन म्हणूनच सांगितलं," मी म्हणालो.

समन्स निघाली. हिंगणीत एकाच दिवशी इतक्या घरी कोर्टाचा माणूस गेला की आधी लोकांना वाटलं काही योजना आली. संध्याकाळी मामाचा फोन. "शेठ, काऊन हो, आमाले कायले बलावलं? आमी काय केलं?"

"सही केली होती ना तुम्ही."

"ते तं यादी होती!"

"यादी नव्हती ती."

मग मामा फोनपासून तोंड वळवून घरात ओरडला, "अवो, आपन पोट्ट्याच्या दुकानाचे जामीन हावो म्हन्ते!" आणि आतून बाईचा आवाज आला, "मी म्हनलंच होतं वाचून सही करत जा!"

आणि लोकांचं काय सांगावं, एकालाही माझा संशय आला नाही. सगळ्यांनी एकमेकांना धारेवर धरलं. तू केली म्हणून मी केली, भाऊंनी पहिली केली म्हणून सगळ्यांनी केली, पोलीस पाटलाने तरी पाहायचं होतं. चुकून कागद यादीच्या जागी गेला, हे सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं. मी काही बोललोच नाही. मी बोलत नाही हे सगळ्यांना माहीतच होतं.

भाऊंना समन्स मिळालं तेव्हा तो कागद घेऊन ते सरळ माझ्या दुकानात आले. मी औषधाच्या डब्यामागे वाकलो होतो. "शेठ, वर या. तारीख कोणती टाकली हाये पाहा, त्या दिवशी माहा चष्मा आणाचा होता." मग स्टुलावर बसून शांतपणे म्हणाले, "तुमाले बँकेचं हाये, मले समजते. कोर्ट काय ठरवते ते पाहू. माह्याजवळ तं ले-आउटमधला तो प्लॉट सोडून काही नाई."

तो प्लॉट त्यांनी रिटायरमेंटच्या पैशांतून घेतला होता. दोन खोल्या बांधायच्या आणि पुढे आंब्याचं झाड लावायचं, एवढं त्यांचं नियोजन होतं. झाड आधीच लावून ठेवलं होतं.

पहिल्या तारखेला मी स्कूटर काढली तर भाऊ गल्लीच्या तोंडाशी उभे, डोक्याला रुमाल बांधून. "मले सोडून चालले का? तारीख तं आपली एकच हाये." मग काय, वादी आणि प्रतिवादी एका स्कूटरवर. प्रत्येक तारखेला. वाटेत भाऊ मागून सांगायचे, "गतिरोधक हाये, हळू." एकदा आमच्या दोघांच्या वकिलांनी आम्हाला कोर्टाच्या फाटकापाशी एकाच कपातला चहा बशीत ओतून पिताना पकडलं. माझा वकील मला ओढत बाजूला घेऊन गेला. "अहो, तुमी याच्यावर केस केली हाये!" त्यांचा वकील त्यांना तेच सांगत होता. आम्ही दोघं दोन कोपऱ्यांत उभे, शाळेतल्या पोरांसारखे, एकमेकांकडे पाहून हसू दाबत. मला माझं हसू खरं वाटायचं. खरंच होतं. त्याखाली काय होतं ते मला एकट्यालाच माहीत.

सगळ्यांची हजेरी लागली तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. हिंगणीचे पाहुणे क्रूझर करून आले. बायकाही आल्या, कारण गाडीत जागा होती. डबे आणले होते, ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. लग्नानंतर दोन्हीकडचे पहिल्यांदाच एकत्र भेटत होते, त्यामुळे कोर्टाच्या व्हरांड्यात पाया पडणं, गळाभेटी, "वजन कमी झालं हो तुमचं," असं सुरू झालं. अंगठेवाल्या आजोबांना बाकड्यावर मधोमध बसवलं. शिपायाने पुकारा सुरू केला. एक नाव, दोन नावं, पाच नावं, सगळे एकदम दारात घुसले आणि अडकले, आणि मागून अख्ख्या इमारतीत ऐकू जाईल असा आवाज आला, "पुढं सरका, पुढं सरका, मंधात जागा हाये!"

न्यायाधीश मॅडम तरुण होत्या. त्यांनी वर पाहिलं. "हे सगळे कोण?"

"हमीदार आहेत, मॅडम," माझा वकील म्हणाला.

"नाई नाई," मामा मागून म्हणाला, "आमी पावने हावो."

मॅडमनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. "हे लाल डाग कसले? रक्त आहे का?"

"कुंकू हाये, मॅडम," भाऊ म्हणाले. "पोरीचं साक्षगंध होतं."

"भाडेकरारावर कुंकू?"

मॅडमनी आचाऱ्याकडे बोट केलं. "तुम्ही कोणाचे जामीन?"

आचारी हात जोडून पुढे आला. "मॅडम, मी कायचा जामीन. पुऱ्या किती लागल्या ते लिवून नेऊन राह्यले असन, असं समजून मी सही केली."

मॅडमनी फाइल तोंडासमोर धरली. फाइल बराच वेळ तिथेच होती आणि थोडी हलत होती. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि अगदी कोऱ्या आवाजात सांगितलं की ज्यांचं नाव मजकुरात हमीदार म्हणून लिहिलेलं नाही, नुसती खाली सही आहे, त्यांना दाव्यातून वगळण्यात यावं. बाहेर आल्यावर पाहुण्यांनी एवढा आनंद केला की मला वाटलं आता बँड लावतात. भाकरी सोडल्या. मलाही वाढलं. मामा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सुटलो बाप्पा! शेठ, तुमी बी खा, कोर्टात भांडन, पोटात काय?"

भाऊही जेवत होते. मजकुरात ज्याचं नाव टाइप केलेलं होतं असा तो एकटाच माणूस.

पोरगा पुण्याहून आलाच नाही. त्याच्याविरुद्ध एकतर्फी चाललं. उरलो आम्ही दोघं.

भाऊंच्या वकिलाने व्हिडिओ आणला. त्याचं म्हणणं असं की भाऊंना साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं होतं, म्हणून जामीन टिकत नाही. आणि पोरीच्या साक्षगंधाचा व्हिडिओ असताना शोधायला कुठे जायचं? लॅपटॉप लावला. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा. पडद्यावर आधी गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग पंगत. मग एकदम गुलाबी बदामाच्या आकाराची चौकट उघडली आणि त्या बदामात मी आणि भाऊ, एकमेकांच्या कानाशी. वर प्रेमाचं गाणं फुल आवाजात. मागच्या बाकावरचे वकील खो-खो हसले, माझा वकीलसुद्धा. मॅडमनी फाइल परत तोंडापुढे नेली.

त्या बदामात माझे ओठ हलत होते. सगळे हसत होते आणि मी माझे ओठ वाचत होतो.

"आवाज कमी करून मूळ बोलणं ऐकू येईल का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. व्हिडिओवाला म्हणतो, मूळ आवाज ठेवतच नाही. गिऱ्हाइकाला गाणं लागतं."

भाऊंच्या वकिलाने माझ्याकडे वळून विचारलं, "या वेळी तुम्ही त्यांना साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं, हे खरं आहे ना?"

"नाही," मी म्हणालो. "जामीन म्हणून सांगितलं."

टायपिस्टने कोर्टाच्या भाषेत टाइप केलं: हे म्हणणे खरे नाही की, मी प्रतिवादीस साक्षीदार म्हणून सही करण्यास सांगितले. मला ते वाचून दाखवलं आणि खाली माझी सही घेतली.

पुढच्या तारखेला भाऊ पिंजऱ्यात गेले. मामा मुद्दाम हिंगणीहून ऐकायला आला होता, व्याह्यांची बाजू म्हणून. मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात देवाला सांगत होतो की भाऊंनी ठणकावून सांगावं. त्यांनी ठणकावलं तर मॅडम ऐकतील, दावा पडेल, वकील मला शिव्या देईल, बँक गाळा घेईल आणि मी सुटेन. स्वतःहून खरं बोलायचं सोडून मी दुसऱ्याने जिंकावं म्हणून नवस बोलत होतो.

माझ्या वकिलाने विचारलं, "तुम्हाला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं, हे खोटं आहे ना?"

भाऊंनी मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, मले तं साक्षीदार म्हनल्यासारखंच आठवते. पण डीजे वाजून राह्यला होता. पोरीचं साक्षगंध, माहं चित्त कुठं ठिकान्यावर? आता शेठनं इथं शपथ घेऊन सांगतलं जामीन म्हणून, तं माहंच आयकन्यात चुकलं असन. मी त्याले वीस वर्सापासून पाहून राह्यलो. हा मानूस खोटा नाई."

त्यांच्या वकिलाने कपाळावर हात मारला. टायपिस्टने टाइप केलं. मी स्कूटरची चावी मुठीत इतकी दाबली की वळ उठला.

निकाल माझ्या बाजूने लागला. थकलेलं भाडं आणि खर्च हमीदाराने द्यावा. वरच्या कोर्टात जायचं भाऊंनी नाकारलं. "व्याही काय म्हनतीन? पोरगी त्या घरात हाये. जावयाच्या दुकानाची सही केली, आता मुकरला, असं म्हनतीन." त्यांनी प्लॉट विकला, झाडासकट, आणि पैसे भरले. त्याच संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आले. "घ्या शेठ, तोंड गोड करा. सुटलो कोर्टातून. पण काही म्हना, तारखा होत्या तोवर मजा होती. आता सकाळी उठून जाव कुठं?" मी पेढा खाल्ला. ठसका लागला, आणि भाऊ म्हणत होते, "पानी देऊ का?"

त्या पैशांनी माझे बँकेचे हप्ते सुटले. गाळा वाचला, आणि पुन्हा रिकामा राहिला.

मागच्या वर्षी पत्रे निघाले. पेन्शन म्हणावी अशी भाऊंना नाहीच. एके दिवशी ते आले आणि म्हणाले, "तो गाळा मले द्या. पोहे अन् तर्री लावतो. हायवे हाये, मले गिऱ्हाइकाले बलवाले भोंगा लागत नाई." मी म्हणालो, वापरा, भाडं नको. ते भडकले. "फुकट? आपल्यावर कोर्टाचा शिक्का हाये, फुकट कसं?" भाडं घ्यावं लागलं. नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागलं असतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते भाडं आणून ठेवतात आणि मी घेतो.

करार त्यांनी स्वतः लिहून आणला. "जामीन पाह्यजेन नं तुमाले? तुमीच व्हा माहे जामीन. तुमच्याहून पक्का कोण भेटन?" माझ्याच गाळ्याला, माझ्याच भाडेकरूसाठी, माझ्याकडे मीच जामीन. मी हसत सुटलो, तेही हसत सुटले. दुकानात खत घ्यायला आलेले दोघं-तिघं जमले. मी पेन उघडलं तर भाऊंनी हात धरला. "थांबा. वाचून दाखोतो. मी वाचल्याशिवाय सही घेत नाई." आणि चष्मा लावून त्यांनी तो अख्खा कागद कंडक्टरच्या आवाजात वाचला, चौकातली माणसं थांबली. शेवटी कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "समजलं नं शेठ? जामीन म्हणून हाये. साक्षीदार म्हणून नाई."

सगळे हसले. भाऊ सगळ्यांत मोठ्याने हसले. ते सहजच तसं बोलले, का त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत आहे, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो. विचारायची हिंमत झाली नाही. मी सही केली.

तर देणं असं आहे. भाऊंनी कोर्टात भरलेले एक लाख बारा हजार रुपये. जो प्लॉट गेला, त्याचा आजचा भाव यातून फिटत नाही, तो फरकही माझ्याकडेच निघतो. आणि जामच्या व हिंगणीच्या त्या सगळ्या पाहुण्यांसमोर, भाऊंच्या देखत, मी कोर्टात खोटं बोललो होतो हे सांगणं. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.